थंय विचार!

इंटरनेटवर पूर्ण रस्ता कुणालाच माहीत नसतो, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला खरंच वाटेना. चवथीला बायकोने हॉलमधून गणपतीवर टांगलेल्या माटोळीचा फोटो काढून मला स्वयंपाकघरात व्हॉट्सअॅप केला, म्हणजे मधे एक भिंत, पण तो फोटो घराबाहेर कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जाऊन मगच माझ्याकडे येणार. तेही अख्खा नाही. नेटवर सगळं पॅकेटांमधून, म्हणजे छोट्या तुकड्यांतून जातं; एका पॅकेटमध्ये साधारण 1500 बाइट मावतात, त्यामुळे 3 एमबीच्या फोटोचे दोन हजारांवर तुकडे होतात.

आणि वाटेतल्या राउटरला, म्हणजे पॅकेट पुढे ढकलणाऱ्या यंत्राला, माहीत काय, तर फक्त पुढचा राउटर. आमच्या गावात घर शोधत कोण आला की तिठ्यावरचा गाड्यावाला सांगतो ना, खाली देवळाकडे जा आणि थंय विचार, अगदी तसंच. पुढचं पुढचा बघेल.

आता दोन राउटरनी चुकून एकमेकांकडेच बोट दाखवलं तर पॅकेट जन्मभर फिरत राहील की! म्हणून प्रत्येकावर निघतानाच एक आकडा लिहितात, टीटीएल, आपल्या फोनवरून बहुतेक वेळा 64. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो आणि शून्य झालं की पॅकेट टाकून देतो, वर पाठवणाऱ्याला कळवतोसुद्धा, की तुझं पॅकेट इथे संपलं. म्हणजे रस्ता चुकणार हे धरूनच सगळं बांधलंय, मला तर हेच जाम आवडतं.

व्हॅन जेकबसन नावाच्या अमेरिकन संशोधकाने या निरोपांचाच उपयोग करून 1980 च्या दशकाच्या अखेरीस ट्रेसराउट नावाचा, वाट शोधून दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला. मुद्दाम टीटीएल 1 देऊन पॅकेट सोडायचं, ते पहिल्याच राउटरवर मरतं आणि त्याचा पत्ता कळतो, मग 2, मग 3, असं करत करत अख्खी वाट हाताला लागते. काही राउटर उत्तरच देत नाहीत, तिथे नुसत्या तीन चांदण्या उमटतात. पावसात करंट असला नि काम नसलं की मी हे करत बसतो, बायकोच्या मते हा आजार आहे.

मोठमोठी नेटवर्कं एकमेकांना वाटा सांगतात त्या बीजीपी नावाच्या ठरलेल्या पद्धतीने, आणि त्याचा आराखडा 1989 मध्ये अमेरिकेत ऑस्टिनला दोन इंजिनिअरनी जेवता जेवता पेपर नॅपकिनवर काढला होता! सगळा मामला विश्वासावर, कोण म्हणाला हा पत्ता माझ्याकडे, की बाकीचे मानणार. फेब्रुवारी 2008 मध्ये पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करायला जी वाट घातली ती चुकून जगभर पसरली, आणि दोनेक तास यूट्यूबचं ट्रॅफिक तिकडे जाऊन बुडत राहिलं, कारण त्यांनी सांगितलेला पत्ता यूट्यूबच्या स्वतःच्या पत्त्यापेक्षा जास्त नेमका होता आणि राउटर नेहमी जास्त नेमक्याचंच ऐकतो. मग यूट्यूबनेही आपल्या पत्त्यांचे त्याहून बारीक तुकडे करून जाहीर केले, आणि पाकिस्तान टेलिकॉमला बाहेर जोडणाऱ्या कंपनीने ती वाट काढून टाकली तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.