ऑनलाइनची बोली माझ्या तोंडून

शेतजमिनीचा लिलाव म्हटलं की आपल्याकडे डोळ्यासमोर काय येतं, तर सोसायटीची थकबाकी, वसुली अधिकारी, दवंडी आणि चारचौघांत गेलेली अब्रू. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात तसं नाही. इथं घर चांगलं खाऊनपिऊन सुखी असतं, डोक्यावर छदामाचं कर्ज नसतं, तरी जमीन लिलावालाच काढतात. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या २०२२ च्या पाहणीत राज्यातली साधारण दोन तृतीयांश शेतजमीन ६५ च्या पुढच्या माणसांच्या नावावर निघाली. म्हातारी माणसं गेली की मुलं कोणी शिकागोला, कोणी फिनिक्सला, ट्रॅक्टरवर कोणाला बसायचंय, मग विका आणि वाटून घ्या. आणि भावाभावांत "तू स्वस्तात घातलीस" अशी भांडणं नकोत म्हणून सगळ्यांसमोर लिलाव.

मी इथं कशी पोचले ते थोडक्यात सांगते. नवरा वॉटरलूला जॉन डिअर या ट्रॅक्टरच्या कंपनीत (पुण्याहून इकडं आलेली मराठी पोरं इथं बरीच आहेत), मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, घरी, मग ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, आला आणि जमिनीचे लिलाव करणाऱ्या एका कंपनीत क्लार्क म्हणून लागले. काम म्हणजे लिलावाच्या दिवशी दारात टेबल टाकून बसायचं, बोली लावणाऱ्यांची नावं लिहून त्यांना नंबर द्यायचे, पडद्यावर आकडे टाकायचे आणि ऑनलाइन आलेली बोली हॉलमधे मोठ्यानं सांगायची. माहेर निफाड तालुक्यातलं, कांद्याचे लिलाव बघत वाढले, त्यामुळं इंटरव्ह्यूला "लिलाव पाहिलाय का" विचारल्यावर मी जी सुरू झाले ती थांबेचना, तेच बहुतेक कामाला आलं.

आमचे मुख्य लिलाववाले, त्यांना सगळे कर्नलच म्हणतात. लष्कराचा काही संबंध नाही, सिव्हिल वॉरच्या काळात जप्त केलेला माल कर्नल लोक विकायचे, तेव्हापासून इथं लिलाववाल्याला कर्नल म्हणायची पद्धत पडली असं सांगतात. आमचे कर्नल स्पर्धेतले. इथं बोली पुकारायच्या स्पर्धा असतात, चेष्टा नाही, गुरांच्या बाजारवाल्यांची जागतिक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि सगळ्या प्रकारच्या लिलाववाल्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९८८ पासून. कर्नल तरुणपणी गुरांच्या बाजारात पुकारायचे, राज्य पातळीवर नंबरात आलेले, बेल्टचं भलंमोठं बक्कल अजून घालतात. मी त्यांना विचारलं होतं, नक्की करता काय तोंडात? तर म्हणाले, दोनच आकडे असतात, एक हातात आलेला आणि एक मागायचा, मधली जागा भरायला दोन-चार निरर्थक शब्द, बाकी सगळा श्वासाचा खेळ. अजूनही गाडी चालवताना रस्त्याकडेचे विजेचे खांब विकत जातात, प्रत्येक खांबाला बोली. मी त्यांना "कच्चा पापड पक्का पापड" शिकवलं, दोन दिवसांत माझ्यापेक्षा जलद म्हणायला लागले आणि मग आठवडाभर ऑफिसला वात आणला.

पण गंमत अशी की गुरांच्या स्पर्धेत नुसत्या वेगाला गुण नसतात. शब्द स्पष्ट येतात का, आवाज कसा, बोली टिपतो कशी, बाजार सांभाळतो कसा, आणि परीक्षकांना एक प्रश्न असतो, या माणसाला तुम्ही तुमच्याकडे कामाला ठेवाल का? हे मला आधी कागदावरचं वाटायचं.

तर तो दिवस. २०२४ चा नोव्हेंबर, ग्रंडी काउंटी (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं). आयोवातली सगळ्यात कसदार जमीन कुठं विचारलं तर जी नावं लगेच निघतात त्यातली ही काउंटी. इथं मातीला शंभरपैकी गुण देतात, सीएसआर टू म्हणतात त्याला, आणि बांधावर गप्पा मारणारा शेतकरीसुद्धा पोराचे मार्क सांगावेत तसे जमिनीचे मार्क सांगतो. जमीन १६० एकर, ८० चे दोन तुकडे. मालक तीन भावंडं, दोन भाऊ आणि ॲरिझोनातली बहीण. पहिला तुकडा सरळ होता. दुसरा तुकडा वीस-बावीस वर्षं खंडानं एकच माणूस करत होता. जमिनीखाली पाणी काढायला टाइल टाकतात, म्हणजे भोकाभोकाचे पाइप, त्यातली एक लाइन त्यानं स्वतःच्या पैशानं टाकलेली, कुठं ओल धरते, कुठं मका पिवळा पडतो हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगेल. मालकांनी कायद्याप्रमाणे १ सप्टेंबरच्या आत त्याला खंड संपल्याची नोटीस दिलेली, म्हणजे १ मार्चपासून जमीन नव्या मालकाची.

आदल्या रात्री फोनवर बाबांना हे सांगितलं तर बाबांचा पहिला प्रश्न, "एवढी वर्षं कसतोय तर कूळ कसं नाही लागलं?" मी म्हटलं बाबा इथं १९५७ चा कृषक दिन झाला नाही, कसणारी कुळं मालक व्हायला. बाबांना ते काही पटलं नाही.

सकाळी गाडीत कर्नलांचा मूड वेगळाच होता, खांब विकले नाहीत. मधेच म्हणाले, आज हॉल गप्प बसेल. मग मंदीतल्या गोष्टी सांगायला लागले. १९३० च्या दशकात बँकांनी शेतं जप्त केली की आजूबाजूचे शेतकरी लिलावाला जमायचे, गाय दहा सेंट, नांगर पाच सेंट अशा बोल्या लावायचे, बाहेरचा कोणी जास्त बोलायला लागला की त्याच्या खांद्यावर हात पडायचा, आणि सगळा माल जिथल्या तिथं मालकाला परत. १९३३ मधे तर ल मार्स गावात शेतकऱ्यांनी जप्तीची प्रकरणं चालवणाऱ्या जज्जला कोर्टातून ओढून बाहेर काढलं, गळ्यात दोर घातला, गव्हर्नरला नॅशनल गार्ड पाठवावे लागले. मी म्हटलं, पण आज कोणी कर्जबाजारी नाहीये ना. म्हणाले, नाहीये, पण लोक तेच आहेत.

कम्युनिटी हॉल भरलेला होता. शंभरेक माणसं, टोप्या बियाण्याच्या कंपन्यांच्या, कॉफीचा वास, टेबलावर घरी केलेल्या कुकीज. नंबर घेणारे मात्र थोडेच, बाकीचे बघे, इथं शेजारची जमीन कितीला गेली ते बघायला सगळा पंचक्रोशीतला माणूस येतो. जमिनीचा लागून असलेला शेजारी, दणकट, लाल मानेचा, दोन कुकीज घेतल्या, माझ्याशी हवापाण्याचं बोलला, पण नंबर घेतला नाही. मी विचारलं, तर म्हणाला, आज नुसता बघायला आलोय. आणि थोड्या वेळानं बाहेर गेला.

पहिला तुकडा दहा-बारा मिनिटांत गेला, एकरी १३,६००. डुकरं पाळणारे दोन शेतकरी बोलीत एकमेकांवर चढले आणि कर्नल पूर्ण फॉर्मात, तोंडाचा पट्टा असा चालू की माझी पडद्यावर आकडे टाकताना तारांबळ. आमचे रिंगमन, म्हणजे हॉलमधे उभे राहून बोली टिपणारे, "येप!" करून ओरडत होते. मक्याचा भाव २०२२ ला होता तसा राहिलेला नव्हता, तेव्हा तर सू काउंटीत एकरी ३०,००० ला जमीन गेली होती, त्या मानानं हे ठीकच, पण पडत्या बाजारात चांगलंच.

दुसरा तुकडा. कर्नलांनी १२,००० मागितले, कोणी नाही. ११. १०. खंडवाल्यानं ९,००० ला नंबर वर केला. तो तिसऱ्या ओळीत, शेजारी बायको, तिनं पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली. आणि मग काहीच नाही. शंभर माणसं आणि एकजण खोकेना. मघाचे दोघे डुकरंवाले खाली बुटांकडे बघतायत. कोणी ठरवून आलेलं नव्हतं हे मला खात्रीनं वाटतं, पण त्याच्यावर बोली लावायची नाही हे सगळ्यांना कळलेलं. पुढच्या ओळीत दोघं भाऊ बसलेले, त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते, कारण एकरी चार हजार कमी म्हणजे तीन लाखांवर डॉलर गेले. आणि कर्नल तर विकणाऱ्यांचे, कमिशन त्यांच्याकडून, इमान त्यांच्याशी. मला वाटलं आता हे सुटतील, आवाज चढवतील, जोक मारतील, हॉल हलवतील.

त्यांनी माइक खाली ठेवला.

म्हणजे खरोखर टेबलावर ठेवला, कॉफी घेतली, आणि साध्या आवाजात म्हणाले, मी यांच्यासाठी काम करतो आणि मला तुम्ही सगळे माहीत आहात, पाच मिनिटं थांबू. भावांना घेऊन किचनमधे गेले, बहीण फोनवर.

त्याच पाच मिनिटांत माझ्या लॅपटॉपवर ऑनलाइन एक नवा बोलीवाला अप्रूव्हलसाठी आला. बँकेचं पत्र जोडलेलं, सगळं व्यवस्थित, ऑफिसनं लगेच मंजूर केला. नाव वाचलं आणि मला घामच फुटला. कुकीवाला शेजारी. मी खिडकीतून बघितलं तर त्याचा पिकअप पार्किंगच्या कडेला, इंजिन चालू, काचांवर वाफ.

ऑनलाइनवाल्याचं नाव हॉलमधे सांगायचं नसतं, तो आमचा नियम, आणि बरोबरच आहे. कर्नल स्वतः लिलाव चालू असताना यादी बघत नाहीत, नाव कळलं की चेहऱ्यावर येतं म्हणतात.

परत आल्यावर कर्नलांनी जाहीर केलं की मालकांनी ठरवलंय, जमीन आज विकली जाणार, याच्या खाली विकणार नाही अशी गुप्त किंमत काही ठेवलेली नाही. आणि "नऊ हजार आहेत, साडेनऊ कोणी?" माझ्या पडद्यावर दिवा लागला. मी म्हटलं, "ऑनलाइन!"

शंभर माना मागं वळल्या. त्या हॉलमधे मी एकटी सावळी, मी एकटी साडेपाच फुटांच्या आतली, आणि सगळ्यांच्या नजरेत तो कोण न्यूयॉर्कचा नाहीतर कॅलिफोर्नियाचा पैसेवाला म्हणजे जणू मीच. एक आजी माझ्याकडं असं बघत होत्या की मी घरी नेलेलं दूध नासावं. खंडवाल्यानं मान हलवली, दहा. "ऑनलाइन." साडेदहा. "ऑनलाइन." दर वेळेला माझा आवाज बारीक होत गेला, कर्नलांनी एकदा हातानं खूण केली, मोठ्यानं बोल. बरोबर होतं त्यांचं, बोली ती बोली. आतल्या आत मात्र असं वाटत होतं की ओरडून सांगावं, अहो हा तुमचाच आहे, बाहेर गाडीत हीटर लावून बसलाय!

१२ च्या पुढं कर्नल शंभर-शंभरवर आले आणि इथं मी जे पाहिलं ते आधी कधी पाहिलं नव्हतं. तो सगळा तोंडाचा पट्टा बंद. दोन आकडे, मधे काहीच नाही, नुसती शांतता. खंडवाल्याकडं चालत गेले, त्याच्यापासून चार हातांवर उभे राहिले आणि म्हणाले, एकरी शंभर म्हणजे तुला सगळे मिळून आठ हजारांच्या आत आहेत, विचार कर, माझी बस सुटत नाहीये. तो बायकोकडं वळायचा, ती खिशातल्या कॅल्क्युलेटरवर काहीतरी करायची, मग हो. आमच्याकडं कांद्याची ट्रॉली मिनिटभरात जाते, व्यापारी ढिगात हात घालतो, आकडा बोलतो आणि पुढच्या ट्रॅक्टरकडं निघालेला असतो, शेतकऱ्याला घाम पुसायला वेळ नाही. मला बाबा आठवले ते यासाठी.

ऑनलाइन १३,०००. खंडवाल्यानं नकार दिला. मान खाली. रिंगमन त्याच्यावर जोर करायला निघाला तर कर्नलांनी त्याला डोळ्यानं थांबवलं. बराच वेळ, खरंच बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पन्नास देतोस? तिनं पर्स बाजूला ठेवली आणि नवऱ्याच्या आधी तीच म्हणाली, हो.

"तेरा हजार पन्नास. ऑनलाइन?"

मी पडद्याकडं बघत होते. ऑनलाइनला सेकंद-दोन सेकंद उशीर होतो म्हणून थांबायचं असतं, कर्नल त्याहून जास्त थांबले. एकदा विचारलं, दोनदा विचारलं. दिवा लागला नाही. मी म्हटलं, ऑनलाइन नाही. सोल्ड.

टाळ्या पडल्या, इथं जमिनीच्या लिलावात टाळ्या सहसा पडत नाहीत. मग माझं काम सुरू. मोजणी ७८.६ एकर, गुणिले १३,०५०, म्हणजे १० लाख २५ हजार ७३० डॉलर, त्याचा दहा टक्के इसार जागेवर. त्यानं शेताचं ते मोठं, एका पानावर तीन चेक असलेलं चेकबुक काढलं, आकडा नीट लिहिला आणि अक्षरी लिहिताना अडकला, बायकोनं पेन घेतलं आणि सावकाश, शाळेतल्यासारखं अक्षर काढून १ लाख २ हजार ५७३ लिहिलं. भावांनी सह्या केल्या, मोठ्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली, धाकटा मात्र लगेच निघून गेला. भाव वाईट नव्हताच, नंतर डिसेंबरात युनिव्हर्सिटीचा आकडा आला, राज्याची सरासरी एकरी ११,४६७, आदल्या वर्षीच्या ११,८३५ वरून उतरलेली.

आम्ही टेबलं आवरत होतो तेव्हा शेजारी आत आला. खंडवाल्याशी हात मिळवला, म्हणाला चांगली जमीन मिळाली तुला. माझ्याकडं बघितलं नाही. पैसे संपले म्हणून थांबला की बाईचं ते "हो" त्याला लाइव्ह व्हिडिओत ऐकू गेलं म्हणून थांबला, मला अजून माहीत नाही, आणि ऑफिसात यावर दोन पार्ट्या आहेत. मी पैशाच्या पार्टीत.

परत येताना कर्नल म्हणाले, त्या पिकअपचा सायलेन्सर गेलाय, आतपर्यंत आवाज येत होता. मी गप्प. त्यांनीही पुढं विचारलं नाही, पण ग्रंडी सेंटर ओलांडेपर्यंत रस्त्याकडेचे सगळे खांब विकले.

जानेवारीत पलीकडच्या टाउनशिपमधे लिलाव होता. रजिस्ट्रेशनच्या टेबलावर तोच शेजारी आला, ओळखपत्र दिलं, मी १७ नंबरचं कार्ड दिलं. म्हणाला, "आज आत बसणार आहे." मी म्हटलं, बसा, कुकीज आहेत.