दोन पाकोळ्या, एक गुहा

शेवटची चढण अंगावर आली. दर वीस पावलांवर गुडघ्यांवर हात टेकत गुहेच्या तोंडाशी पोचलो, तेव्हा सूर्य मावळायला पाऊण तास होता आणि मला पाणी मागण्याइतकाही दम उरला नव्हता. डोक्यावर पाकोळ्या सुसाट घिरट्या घालत होत्या.

मराठीत पाकोळी म्हणजे हा पक्षी, आणि पाकोळी म्हणजे लहान वटवाघूळसुद्धा. इथे दोन्ही राहतात. तोंडापाशी पक्ष्यांची घरटी, आत मिट्ट काळोखात वटवाघळं. संध्याकाळी त्यांची पाळी बदलते, तेच बघायला एवढी तंगडतोड केली होती.

बसल्या जागी पायाशी एक हाड सापडलं. बहुधा कबुतराच्या दंडाचं. करंगळीएवढं, तळहातावर वजनच जाणवेना. खांद्याकडच्या टोकाला एक गुळगुळीत भोक होतं. हाड तिथे मोडलेलं नव्हतं, ते भोक मुळातलंच. छातीतल्या हवेच्या पिशवीचा फाटा तिथून हाडात शिरतो. 18व्या शतकात जॉन हंटर या शल्यचिकित्सकाने दाखवून दिलं होतं की श्वासनलिका बंद केली तरी पक्षी पंखाच्या कापलेल्या हाडातून श्वास घेऊ शकतो. प्रयोग क्रूरच, पण हाड हातात धरल्यावर तो विसरता येत नाही.

पक्ष्याचं फुप्फुस फुगतच नाही म्हटलं तरी चालेल. ते लहान, घट्ट, फासळ्यांत रुतून बसलेलं. भात्याचं काम करतात हवेच्या पिशव्या, बहुतेक पक्ष्यांत नऊ. पहिल्या श्वासाची ताजी हवा बरीचशी मागच्या पिशव्यांत जाते, उच्छ्वासाबरोबर फुप्फुसात येते, दुसऱ्या श्वासाला पुढच्या पिशव्यांत सरकते आणि दुसऱ्या उच्छ्वासाला बाहेर पडते. म्हणजे एका घोटाला दोन फेऱ्या. पण फुप्फुसातल्या बारीक नळ्यांतून ती एकाच दिशेने वाहते आणि रक्त तिला आडवं जातं. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या हवेत असतो त्याहून जास्त ऑक्सिजन रक्तात भरून घेता येतो.

आणि मी? धापा टाकत होतो ते आल्या वाटेनेच परत जाणाऱ्या हवेवर. शांत बसलेला माणूस एका श्वासात अर्धा लिटर हवा घेतो. त्यातली 150 मिलिलिटर नळ्यांतच राहते, उरलेली आधीच आत मुरलेल्या दोन लिटरांहून अधिक शिळ्या हवेत मिसळते.

वटवाघळाचीही हीच तऱ्हा. तेच श्वासपटल, फुप्फुसातले तेच बारीक फुग्यांसारखे वायुकोश, तीच ये-जा.

अंधारलं तशी गुहेतून आधी दोन-चार, मग धुरासारखी रांगच सुटली. एक वटवाघूळ कडेच्या दगडावर उतरलं. लाल कापड लावलेल्या टॉर्चच्या उजेडात त्याची छाती इतकी भरभर हलत होती की मोजणं सोडून दिलं. उडताना साधारण पंखांच्या एका फटक्याला एक श्वास, असा ताल असतो. जुन्याच यंत्रावर त्याने सगळं ताणलंय: त्याच वजनाच्या इतर सस्तन प्राण्यांपेक्षा मोठी फुप्फुसं, मोठं हृदय, तांबड्या पेशींनी दाट रक्त, हवा आणि रक्तामधला पडदा पक्ष्यांच्या जवळ जाईल इतका पातळ. उडताना ते तेवढ्याच आकाराच्या पक्ष्याइतका ऑक्सिजन वापरतं. पक्ष्यांच्या फुप्फुसाचं कौतुक सगळेच करतात. माझं मत मात्र वटवाघळाला, कारण त्याने ही करामत माझ्यासारख्या छातीत करून दाखवलीय.

विरळ हवेत मात्र पक्षीच पुढे. हिमालय ओलांडणारा पट्टकादंब हा हंस 7,290 मीटरवर नोंदला गेलाय. 1973 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या आबिजान शहरावर 11,300 मीटर उंचीवर एक गिधाड विमानावर आदळलं होतं. वटवाघळांची अशी नोंद नाही.

दगडावरचं वटवाघूळ कधी उडालं कळलंच नाही. खाली वाट बघत बसलेल्या मित्राने हाक मारली, "पाकोळ्या दिसल्या का रे?"

"कुठल्या?" एवढंच ओरडलो, आणि तेवढ्यानेच पुन्हा दम लागला.