विरी, काटा आणि रापणकर

फेब्रुवारी उजाडला की आमच्या शाळेच्या पडवीत पोफळीच्या विऱ्यांचा ढीग लागायचा. २८ फेब्रुवारी १९२८ या दिवशी रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून १९८७पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन. मालवणकडच्या आमच्या गावात मात्र त्याला सगळे ‘विज्ञानाची जत्रा’च म्हणत. दशावताराच्या जत्रा आटोपलेल्या, शिमगा अजून यायचा, त्या मधल्या दिवसांत ही आमची जत्रा.

घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो, पोफळीची वाळलेली झावळ गळून पडते, तिच्या बुडाशी असलेलं रुंद, चामड्यासारखं आवरण म्हणजे विरी. तिच्यावर एकाने बसायचं, दुसऱ्याने झावळ धरून पळत सुटायचं. हा खेळ कुणी कुणाला शिकवत नाही. विज्ञानाच्या बाईंनी त्यात फक्त एक भर घातली. काजूबी घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून लटकता काटा मागून आणला आणि तो झावळ आणि ओढणारा यांच्या मधोमध अडकवला.

ओढणारा मागे रेलला की काटा चढायला लागे. विरी ढिम्म. आणखी चढे. मग एकदम विरी सुटायची आणि तेव्हाच काटा झपकन खाली यायचा. बाई गप्प. ‘परत ओढ,’ एवढंच. दोन-तीन खेपा झाल्या की कुणीतरी ओरडायचंच, “बाई, सुटताना जास्त लागतंय, चालताना कमी!” स्थितिक घर्षण, गतिक घर्षण हे शब्द त्यानंतर फळ्यावर उमटायचे, त्याआधी नाही. कोब्यावर झालं की वरात पुळणीवर. तिथे विरी वाळूत रुते आणि काटा भराभर वर जाई. जांभ्यावर तर विरीही फाटायची आणि बसणाऱ्याची चड्डीही. काटा किलो दाखवायचा, त्याला ९.८ ने गुणून न्यूटन काढायचे. हे गुणाकार आम्ही एकमेकांच्या वह्यांतून उतरवत असू.

शाळेच्या गच्चीवरून नारळ आणि सुपारी एकदम सोडायचा कार्यक्रम दरवर्षी व्हायचा आणि दरवर्षी पाचवीचा अख्खा वर्ग नारळावर पैज लावायचा. खाली वाळूत दोन्ही एकदमच. मग सपाट कागद आणि चुरगळलेला कागद, म्हणजे हवेचा अडथळा कळे. १९७१मध्ये अपोलो १५च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकत्र सोडलं होतं, ते बाई इतक्या रंगवून सांगत की काहींना वाटे, त्या तिथे हजर होत्या.

गर्दी मात्र खेचायचे रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं (रापण) ओढणारे मच्छीमार. दोन धिप्पाड रापणकर समोरासमोर उभे, दोघांच्या हातांत एकेक बांबू. दोरीचं एक टोक एका बांबूला पक्कं बांधायचं, मग दोन्ही बांबूंभोवती चार-पाच वेढे. मोकळं टोक सहावीतल्या एखाद्या किडकिडीत मुलीच्या हातात. ती ओढू लागली की जाळी ओढून दंड कमावलेले ते दोघे एकमेकांकडे सरकत यायचे. दर वेढ्यागणिक तिच्या ओढीची भर पडत जाते, बदल्यात तिला दोरी मात्र हातभर जास्त ओढावी लागते. पहिल्या वर्षी काथ्याची दोरी घेतली होती, तिचं घर्षणच सगळा जोर खाऊन टाकी. जाळ्याची गुळगुळीत नायलॉन दोरी रापणकरांनीच सुचवली. त्यातल्या म्हाताऱ्याने एकदा हरल्यावर बाईंना सांगितलं, “ह्या चेडवाक उद्या रापणीक धाडा!”

हल्ली प्रदर्शनांत थर्माकोलचे तयार ज्वालामुखी मांडलेले दिसतात, मूल बाजूला उभं राहून पाठ केलेलं म्हणून दाखवतं. मला ते बघवत नाही. आमच्याकडे पाठ म्हणायला काही नसायचंच.

त्याच म्हाताऱ्याने एकदा उलट मुलांनाच कोड्यात टाकलं. होडीतून उडी मारताना होडी मागे का जाते? उत्तरं बरीच आली, ‘वारा’ हे सर्वांत जास्त. पुढच्या वर्षापासून गुडघाभर पाण्यात एक होडी उभी राहू लागली. आधी दोर आवळून उडी, मग दोर सैल सोडून. आवळलेल्या दोराने सगळे कोरडे पोचत. सैल सोडला की पायाखालून होडीच निघून जाई आणि निम्मे पाण्यात पडत. भिजलेल्यांना टॉवेल वाटता वाटता बाई न्यूटनचा तिसरा नियम सांगायच्या, आणि पुढचा वर्ग रांग मोडून होडीकडे धावायचा.