टोनी आयोमीच्या टोप्या

आमच्या ऑक्युपेशनल थेरपी विभागात भोसरी-चाकण पट्ट्यातले कामगार नेहमीचे. पॉवर प्रेसखाली बोट गेलेलं, टाके निघालेले आणि हात खिशात लपवायची सवय लागलेली. त्या दिवशी आलेला विशीतला मुलगा लातूरकडचा. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं होतं. जखम छान भरली होती, पण नुसता कापूस लागला तरी कळ जायची. स्पर्शाची सवय व्हावी म्हणून वाटीतल्या तांदळात बोटं फिरवायला लावली, तर खाली बघतच म्हणाला, "मॅडम, गिटार वाजवायचो मी. आता इकून टाकतो."

मग तांदूळ राहिले बाजूला, मी त्याला ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी सांगितला. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यातला सतरा वर्षांचा पोरगा, साल 1965, नोकरीचा शेवटचा दिवस. प्रेसनं त्याच्या उजव्या हाताची हीच दोन बोटं धरली, टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, घासून घासून बसवल्या, वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. बँजोच्या बारीक तारा गिटारला लावल्या. पुढे ताण कमी व्हावा म्हणून गिटारचा सूरच खाली उतरवला. टोपीखाली तार जाणवत नाही. दाब किती द्यायचा ते कानानं ठरवायचं.

पोरानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "पण असं किती वर्षं चालणार?"

प्रश्न रास्त होता. म्हणून ब्लॅक सॅबथचे जुने अल्बम न लावता मी फोनवर 2013 चा 'थर्टीन' लावला. ऑझी ऑसबोर्न गायला आहे असा सॅबथचा स्टुडिओ अल्बम 1978 नंतर हाच. बँडचे मूळचे चौघे पुन्हा एकत्र येणार हे नोव्हेंबर 2011 मध्ये जाहीर झालं आणि काही आठवड्यांतच आयोमीला लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग, असल्याचं कळलं. उपचार सांभाळून काम चालू राहिलं. निर्माता रिक रुबिननं त्यांना आधी त्यांचाच 1970 चा पहिला अल्बम ऐकायला लावला. ड्रमर बिल वॉर्ड कराराच्या वादातून बाहेर राहिला, त्याच्या जागी ब्रॅड विल्क वाजवतो. वॉर्डच्या हातातली ती झुलती लय मला आजही तिथे हवी होती असं वाटतं. पण गीझर बटलरचा बास आणि आयोमीची गिटार यांत काही कमी नाही. 1970 च्या 'पॅरानॉइड'नंतर ब्रिटनमध्ये त्यांचा अल्बम पहिल्यांदा अव्वल ठरला, अमेरिकेत तर पहिल्यांदाच, आणि त्यातल्या 'गॉड इज डेड?' या गाण्याला ग्रॅमी मिळालं.

त्यातलं 'एंड ऑफ द बिगिनिंग' हे गाणं आठ मिनिटांचं आहे. सुरुवातीला एकेक स्वर इतका सावकाश येतो की तार दाबून धरलेलं बोट डोळ्यांसमोर येतं. "हे वाजवताना तो चौसष्ट-पासष्टचा होता," मी म्हटलं. "बोटं तीच, टोप्यांसकट." मुलानं गाणं संपेपर्यंत मान वर केली नाही, पण जखमी बोटं मांडीवर हलत होती. टेबलावर नुसती टेकवायला सांगितलं तरी जी तो आखडून घ्यायचा, तीच.

दुपारी आमच्या तंत्रज्ञानं सिलिकॉनच्या दोन टोप्या बसवून पाहिल्या. सिलिकॉन तारेला चिकटतं, सरकत नाही. मग वर मऊ चामड्याचा तुकडा चिकटवला. विभागात पडून असलेल्या गिटारला सगळ्यात बारीक तारा चढवल्या. त्यानं ई मायनर धरला. या कॉर्डला सहसा नेमकी हीच दोन बोटं लागतात. पाचवी तार स्वच्छ वाजली, तिसरी मेली; अनामिकेची टोपी जाड होती, शेजारच्या तारेला लागत होती.

तंत्रज्ञानं पेनानं टोपीच्या कडेवर खूण केली आणि ती घासायला घेतली. तोवर मुलगा एका टोपीनिशी पाचवी तार दाबत बसला. मग म्हणाला, "मॅडम, त्याची दुसरी गाणी पाठवा. आणि तारा कुठल्या घेऊ, ते पण लिहून द्या."

मी केसपेपरच्या मागे तारांचा नंबर लिहून दिला.