दहा मिनिटांची शांतता आणि १४३

शनिवारी आम्ही बिल्ड सर्व्हरचे, म्हणजे कोडपासून चालणारे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या यंत्रणेचे, सगळे एजंट (प्रत्यक्ष काम करणारे प्रोग्रॅम) कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या बंदिस्त कप्प्यांत, हलवले आणि सोमवारी सकाळी, हिंजवडीच्या वाहतुकीत कॅब खोळंबलेली असतानाच, पहिला फोन आला. रात्रीपासून एकही बिल्ड पूर्ण झालेले नव्हते आणि संध्याकाळी रिलीज होते.

जेनकिन्सच्या, म्हणजे आमच्या बिल्ड सर्व्हरच्या, लॉगमध्ये सर्वत्र एकच क्रम दिसत होता. गिट फेचची, म्हणजे कोड मागवून घेण्याच्या कमांडची, ओळ, तिच्या शेवटी प्लगइनने जोडलेले 'टाइमआउट=१०', त्यानंतर दहा मिनिटांची शांतता आणि शेवटी स्टेटस कोड १४३. हा आकडा म्हणजे १२८ अधिक १५, आणि १५ हा 'थांब' सांगणाऱ्या सिग्नलचा क्रमांक. प्रक्रिया स्वतःहून चुकली नसून तिला बाहेरून सिग्नल पाठवून थांबवले गेले, एवढेच तो सांगतो. इथे थांबवणारा अर्थातच जेनकिन्स होता.

आमची मुख्य रेपॉजिटरी, म्हणजे इतिहासासकट कोडचा साठा, अवाढव्य आहे. कोणे एके काळी कोणीतरी तिच्यात झिप फाइल्स टाकल्या आणि नंतर काढल्या, पण इतिहासात त्या अजून ठाण मांडून आहेत. त्यामुळे दहा मिनिटे पुरत नसावीत, असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले. मर्यादा ३० मिनिटे केली, तर अर्ध्या तासाने तोच कोड आला. मग शॅलो क्लोन करून, म्हणजे जुना इतिहास वगळून, फक्त शेवटचा कमिट (बदलांची नोंद) मागवला, टॅगही वगळले; तरीही फरक पडला नाही. इथवर येईपर्यंत बारा वाजले होते, घड्याळातही आणि रिलीजचेही.

त्यानंतर मी लॉगमध्ये काय आहे हे पाहणे सोडून काय नाही ते पाहू लागलो. एरवी मोठा क्लोन, म्हणजे रेपॉजिटरीची प्रत उतरवणे, सुरू झाला की 'काउंटिंग ऑब्जेक्ट्स', 'कॉम्प्रेसिंग ऑब्जेक्ट्स' अशा ओळी सरकू लागतात. त्या समोरचा गिट सर्व्हर पाठवत असतो. इथे त्यांतली एकही ओळ उमटलेली नव्हती. म्हणजे सर्व्हरने माल बांधायलाच घेतला नव्हता, आणि तसे असेल तर मालाच्या आकाराचा या प्रकाराशी संबंध असू शकत नव्हता.

कंटेनरमध्ये शिरून हाताने तपासायला घेतले. एसएसएचची, म्हणजे सर्व्हरशी सुरक्षित जोडणीची, ओळखपाळख व्यवस्थित झाली. केवळ एक रीडमी असलेली चाचणीची रेपॉजिटरी सेकंदात क्लोन झाली. मुख्य रेपॉजिटरीवर मात्र 'एलएस-रिमोट'सुद्धा लटकले, जे शाखा आणि टॅगांची नुसती नावे मागते. कंटेनरबाहेर, त्याच व्हर्च्युअल मशीनवर, हीच कमांड डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उत्तर देत होती. शेजारी बसलेली आमची कनिष्ठ सहकारी म्हणाली, "सर, गिट सर्व्हरला पिंगही लागत नाहीये." मी मान वर न करता म्हणालो, "ते सिक्युरिटीवाल्यांनी मुद्दाम बंद ठेवलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस."

दोन तासांनी हे वाक्य मला चांगलेच महागात पडले. मशीनवर टीसीपीडंप, म्हणजे ये-जा करणारी पॅकेट (माहितीचे तुकडे) दाखवणारे साधन, लावून दोन्ही बाजूंनी जोडणी करून पाहिली, तेव्हा पहिल्याच पॅकेटमध्ये फरक दिसला. मशीन स्वतः जोडणी करताना 'एका वेळी जास्तीत जास्त १४१० बाइट पाठव' असे सांगत होती, तर कंटेनर १४६० सांगत होता. पुढे कंटेनरच्या बाजूने तीच ती पोच पुन्हा पुन्हा जात होती: उत्तराचे शेवटचे लहान शेपूट पोहोचले होते, पण त्याच्या आधीचे मोठे तुकडे गायब होते.

खासगी क्लाउडच्या ज्या नेटवर्कवर ही मशीन आहे, त्याच्या व्हीएक्सलॅन आवरणात, म्हणजे प्रत्येक पॅकेटभोवतीच्या जादा वेष्टनात, ५० बाइट खर्ची पडतात, म्हणून तिथे पॅकेटची कमाल मर्यादा, म्हणजे एमटीयू, १५०० ऐवजी १४५० आहे. मशीनला हे ठाऊक होते, म्हणून शीर्षकांचे ४० बाइट वजा करून ती १४१० सांगत होती. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरचा ब्रिज, म्हणजे कंटेनरांना जोडणारे त्याचे अंतर्गत नेटवर्क, मात्र आपल्या नेहमीच्या १५०० वरच होता. कंटेनरच्या शब्दावर विसंबून गिट सर्व्हर पूर्ण आकाराची पॅकेट पाठवत असे आणि वाटेतला राउटर ती टाकून देत असे. राउटर तसे कळवतही असतो, 'पॅकेट मोठे आहे, लहान करून पाठव' असा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या सूचनांची पद्धत) निरोप देऊन. पण गिट सर्व्हरपुढच्या फायरवॉलने आयसीएमपी सरसकट बंद केलेले होते. पिंगही आयसीएमपीवरच चालते; ते ज्या नियमाने अडत होते, त्याच नियमाने हा निरोपही दारातच अडत होता. सर्व्हर बिचारा तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राही. बाहेरच्या इंटरनेटवरून पॅकेजेस मात्र विनातक्रार उतरत होती, त्यामुळे नेटवर्कवर सकाळपासून कोणाचाच संशय गेला नव्हता.

डॉकरच्या डेमन फाइलमध्ये, म्हणजे त्याच्या मूळ सेटिंग फाइलमध्ये, एमटीयू १४५० लिहिले, सेवा पुन्हा सुरू केली, हाताने एक कंटेनर उभा केला आणि क्लोन सुरळीत झाला. आनंदाने बिल्ड सोडले, तर ते पुन्हा लटकले! हा घोळ निव्वळ आमचा होता. डेमनमधील ती नोंद फक्त मूळ ब्रिजला लागू होते. आमचे एजंट डॉकर कंपोझने (अनेक कंटेनर एकत्र उभे करणाऱ्या साधनाने) तयार केलेल्या स्वतंत्र नेटवर्कवर होते आणि तिथे १५०० तसेच बसले होते. कंपोझच्या फाइलमध्ये त्या नेटवर्कसाठी वेगळी नोंद केली, जुने नेटवर्क काढून टाकून नव्याने बांधले आणि पाच वाजून काही मिनिटांनी लॉगमध्ये 'काउंटिंग ऑब्जेक्ट्स'ची ओळ दिसली. ती शंभर टक्क्यांपर्यंत जाईस्तोवर आम्ही दोघे काही न बोलता पाहत राहिलो.

रिलीज रात्री साडेदहाला गेले. वाढवलेली ३० मिनिटांची मर्यादा मी दुसऱ्या दिवशी पुन्हा १० वर आणली, आणि आयसीएमपीचा निदान तो एक निरोप तरी आत येऊ द्यावा, अशी विनंती सिक्युरिटी विभागाला पाठवली. त्या विनंतीच्या पहिल्या ओळीत पिंगचा मुद्दा लिहिला आणि तो सर्वप्रथम कोणाच्या लक्षात आला, हेही नावानिशी नोंदवले.