‘युनियन’च्या नोंदवहीतील एक सकाळ

अमेरिकेत मेरीलँड राज्यातील कॉलेज पार्क येथे राष्ट्रीय अभिलेखागार आहे. तेथील कागदपत्रांतून लोकांना हवे ते शोधून देण्याचे काम मी गेली काही वर्षे करते आहे. २०१९ च्या जुलैमध्ये एका वृद्ध नौसैनिकाच्या मुलीने माझ्याशी संपर्क साधला. वडिलांना कंपवाताने ग्रासले होते. १९६५ मध्ये ते ‘यूएसएस युनियन’ या जहाजावर होते आणि त्यांचा भरपाईचा अर्ज पूर्वी एकदा फेटाळला गेला होता. व्हिएतनामच्या भूमीवर त्यांनी पाऊल ठेवल्याचा कागद नाही, एवढेच कारण त्यांना कळवण्यात आले होते. २०१९ च्या जूनमध्ये मात्र नवा कायदा झाला होता. व्हिएतनामच्या किनाऱ्यालगतच्या सुमारे १२ सागरी मैलांच्या पट्ट्यात सेवा केलेल्यांनाही, त्या युद्धात अमेरिकेने फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’ या विषारी तणनाशकाची बाधा झाली असावी, असे त्यानुसार गृहीत धरले जाणार होते, आणि कंपवात हा त्या बाधेशी जोडलेला आजार मानला जातो. त्यामुळे जहाज नेमके कोठे होते, हे आता जहाजाच्या दैनंदिन नोंदवहीतूनच सिद्ध करायचे होते.

‘युनियन’ हे हल्ल्यासाठी माल वाहणारे जहाज होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने अशी १०० हून अधिक जहाजे उभी केली. ‘युनियन’ नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टनच्या गोदीत बांधले गेले आणि १९४५ मध्ये, युद्ध संपत आले असताना, नौदलात दाखल झाले. साधे मालवाहू जहाज धक्क्याला लागून माल उतरवते. या जहाजाला मात्र जेथे धक्का नाही, बंदर नाही आणि समोर बहुधा शत्रू आहे, अशा उघड्या किनाऱ्यावर माल पोहोचवायचा असे. म्हणून त्याच्या डेकवर सैनिक व सामान उतरवणाऱ्या होड्या असत, त्या पाण्यात सोडण्यासाठी भक्कम यारी असत आणि स्वसंरक्षणासाठी तोफाही असत. माल भरण्याची रीतही उलटी असे. किनाऱ्यावर जे सर्वांत आधी लागणार ते सर्वांत शेवटी, म्हणजे सर्वांत वर चढवायचे, मग जहाजातली कितीही जागा वाया गेली तरी चालेल. व्यापारी जहाजाच्या कप्तानाला ही उधळपट्टी वाटेल, पण पहिल्या तासात दारूगोळा तळाशी अडकला तर किनाऱ्यावरची माणसे मरतात.

कोरियन युद्धात जुलै १९५० मध्ये पोहांगला आणि सप्टेंबरमध्ये इंचॉनला सैन्य उतरवणाऱ्या ताफ्यात ‘युनियन’ होते. मला हवी होती ती मात्र १९६५ ची वही.

वाचनकक्षात पेन नेता येत नाही, फक्त पेन्सिल चालते. राखाडी खोक्यातून एका वेळी एकच फोल्डर काढायचे, असा तेथला दंडक आहे. मार्चची पाने टंकलिखित होती. दिवस पहाऱ्यांमध्ये विभागलेला आणि प्रत्येक पहाऱ्याखाली त्या वेळच्या अधिकाऱ्याची शाईतली सही. या वह्यांची भाषा इतकी आखीव असते की महिनाच्या महिना वाचूनही एका माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर येत नाही. जहाज कोठे आहे, कोणत्या दिशेला चालले आहे, नांगर टाकला की उचलला, एवढेच त्यात येते. मी पाने उलटत ८ मार्चला पोहोचले. जहाज दा नांगच्या उपसागरात होते.

त्या सकाळी दा नांगजवळच्या किनाऱ्यावर सुमारे १,४०० मरीन सैनिकांची तुकडी उतरली, आणि अमेरिकेचे लढाऊ पायदळ व्हिएतनामच्या भूमीवर आले ते असे. ‘युनियन’बरोबर ‘हेन्रिको’, ‘व्हँकुव्हर’ आणि सेनापतीचे ‘माउंट मॅकिन्ली’ ही जहाजे होती. उतरण्याची वेळ ८ ची ठरली होती, पण समुद्र खवळलेला असल्याने ती ९ वर गेली आणि पहिली फळी ९ वाजून ३ मिनिटांनी वाळूला लागली. आमचे हे गृहस्थ त्या होड्यांपैकी एकीचे सुकाणू धरून होते. कोकणात ज्याला तांडेल म्हणतील, तेच त्यांचे काम. ३६ फुटी लाकडी होडी, पुढच्या बाजूला खाली पडणारा लोखंडी दरवाजा. जहाजाच्या अंगाला लागून ती माणूसभर वर जायची आणि तितकीच खाली आदळायची, बांधलेले दोर तटातट तुटायचे, असे त्यांनी मुलीला वारंवार सांगितले होते. किनाऱ्यावर हार घेऊन मुली उभ्या होत्या, हेही ते सांगत, आणि घरातल्या कोणालाही ते खरे वाटत नसे. युद्धावर उतरणाऱ्या सैनिकांचे हारांनी स्वागत कोण करील? पण त्या तुकडीचे प्रमुख ब्रिगेडियर जनरल फ्रेडरिक कार्च यांचे, गळ्यात फुलांचा हार आणि चेहऱ्यावर कमालीचे गांभीर्य असलेले छायाचित्र जगभर छापले गेले आहे. मी त्याची एक प्रत नोंदवहीच्या प्रतींसोबत मुलीकडे पाठवायचे ठरवले. अर्जाला त्याचा उपयोग नव्हता. तरीही ते जायलाच हवे, असे मला वाटले.

त्यांचे नाव त्या पानावर कोठेही नव्हते. होडी चालवणाऱ्याचे नाव नोंदवहीत येत नाही, हे मला ठाऊक होते, तरी मी पान दोनदा वाचले. अर्जापुरते अडणार नव्हते, कारण ते त्या तारखेला जहाजावर नेमणुकीस असल्याचे त्यांच्या सेवापुस्तकात होते, आणि दोन्ही कागद एकत्र ठेवले की साखळी पूर्ण होत होती.

संध्याकाळी मी फोन केला. मुलीने तो वडिलांच्या कानाला लावला. मी जहाजाची जागा आणि तारीख वाचून दाखवली. त्यांचा आवाज अडखळत होता, पण प्रश्न नेमका होता.

“आठ ते बाराच्या पहाऱ्याखाली सही कोणाची आहे?”

मी नाव वाचले. बराच वेळ काही ऐकू आले नाही.

“अक्षरे डावीकडे कललेली आहेत का?”

मी माझ्यासमोरची प्रत दिव्याखाली धरली. कललेली होती.

“तो डावखुरा होता,” ते म्हणाले.