कोर्टाचा कागद हातात घेऊनच माहेरी आले

लेकीला घेऊन मी अमेरिकेतून दारव्हा तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) माझ्या माहेरी परतले, तेव्हापासून ओळखी-अनोळखी बायांचे फोन येतात. कुणी दिग्रसची, कुणी पुसदची, कुणी पार वाशीमकडची. कुणाची बहीण तिकडे अडकली आहे, कुणाची पुतणी. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "ताई, तुम्ही निघाल्या कशा?" फोनवर एवढं सगळं सांगून होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. मी वकील नाही. माझ्या वाट्याला जे आलं आणि त्यातून जेवढा कायदा समजला, तेवढंच सांगते.

नवरा न्यू जर्सीत आयटीच्या नोकरीत, एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर. मी एच-फोरवर, म्हणजे त्याची बायको म्हणून. माझं तिथे राहणं पूर्णपणे त्याच्या नोकरीला बांधलेलं. मला नोकरीची परवानगी नव्हती, बँकेचं खातं त्याच्या नावावर, पासपोर्ट त्याच्या कपाटात कुलूपबंद. मारहाण लग्नाच्या पहिल्याच वर्षी सुरू झाली. लेक झाल्यावर थांबेल असं सगळे म्हणत होते, ती वाढली. त्याचं वर्णन करत बसत नाही. जिच्यावर बेतलं आहे तिला सांगायची गरज नाही.

बाबांना फोन केला तेव्हा शेतात सोयाबीन काढणं चालू होतं. मागे थ्रेशरचा आवाज येत होता आणि ते ऐकू यावं म्हणून धुऱ्यावर लांब जाऊन उभे राहिले. मी सगळं बोलून मोकळी झाले. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "ये माय तू. घर तुयंच आहे. पण चोरावाणी नको येजो. कागदपत्रं करून ये, म्हंजे मांगून कोनी बोट दाखवाले नोको." सातवी शिकलेल्या माझ्या बापाने जे सांगितलं, तेच पुढे वकिलांनीही सांगितलं.

कारण माझ्या मनात दुसराच बेत होता. तो ऑफिसला गेला की लेकीला उचलायचं आणि विमानतळ गाठायचं. सल्ल्यासाठी मी मानवी या संस्थेला फोन केला. दक्षिण आशियाई बायकांसाठी न्यू जर्सीत १९८५ पासून काम करणारी ही संस्था. तिथल्या बाईंनी शांतपणे दोन गोष्टी समजावल्या. एक, तिथे जन्मलेल्या मुलाला दुसऱ्या पालकाची संमती किंवा कोर्टाची परवानगी नसताना राज्याबाहेर कायमचं नेता येत नाही. दोन, पालकाचा हक्क डावलून मुलाला देशाबाहेर नेणं हा १९९३ च्या कायद्याने अमेरिकेत फौजदारी गुन्हा आहे. घरातल्या हिंसेपासून पळून जात होते, हा बचाव त्या कायद्यात आहे. पण तो मांडायचा खटला उभा राहिल्यावर, आणि तोवर पकड वॉरंट निघालेलं असू शकतं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो दूर करते. मुलांना परदेशी पळवून नेण्याबद्दलचा १९८० चा हेग करार भारताने स्वीकारलेला नाही. त्यामुळे "एकदा भारतात पोचलं की झालं" असं लोक बिनधास्त सांगतात. तसं नाही. नवरा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात हेबियस कॉर्पसची, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करा अशी, याचिका टाकू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नित्या आनंद राघवन प्रकरणात सांगितलं की मुलाचं हित सगळ्यात आधी, परदेशी कोर्टाचा आदेश हा विचारात घ्यायच्या अनेक गोष्टींपैकी एक. त्या प्रकरणात मुलगी आईकडेच राहिली. पण २०२० च्या यशिता साहू प्रकरणात त्याच न्यायालयाने आईला मुलीला घेऊन अमेरिकेतल्या कोर्टापुढे जायला सांगितलं. म्हणजे दान कुठल्याही बाजूने पडू शकतं. लेकीचं बालपण त्या टांगत्या तलवारीखाली जावं असं मला वाटत नव्हतं. म्हणून ठरवलं, वेळ लागला तरी चालेल, आदेश घेऊनच निघायचं.

मात्र जिवाला धोका असेल तर आदेशाची वाट पाहत घरात थांबू नका. आधी घराबाहेर पडा. देश सोडायचा की नाही हा नंतरचा प्रश्न आहे.

माझ्यावर ती वेळ एका रात्री आली आणि मी ९११ हा पोलिसांचा तातडीचा नंबर फिरवला. न्यू जर्सीत १९९१ च्या घरगुती हिंसाचार कायद्यानुसार अंगावर जखमेची खूण दिसली तर पोलिसांना अटक करावीच लागते, बायकोने नको म्हटलं तरी. कोर्ट बंद असलं तरी न्यायाधीश फोनवरून तात्पुरता मनाई आदेश देतात, म्हणजे नवऱ्याने बायकोच्या जवळ यायचं नाही. तो मिळाला. पुढची सुनावणी दहा दिवसांच्या आत असते. तोवर लेक आणि मी संस्थेने दाखवलेल्या निवाऱ्यात राहिलो.

सामान आणायला पोलीस सोबत येतात, पण वेळ अगदी थोडा देतात. काय घ्यायचं हे मी आधीच मनात पक्कं केलं होतं. कपडे नाही, भांडी नाही. लेकीचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, तिचा अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारत सरकार देतं ते), माझा पासपोर्ट, लग्नाचा दाखला, दवाखान्याचे कागद. कपाटाची किल्ली पोलिसाने नवऱ्याकडून आधीच मागून घेतली होती. सगळे कागद लेकीच्या शाळेच्या दप्तरात भरले. वरून ती म्हणाली, "आई, माझी बाहुली." ती पण भरली.

सुनावणीला कोर्टाने मराठी दुभाषी दिला, फुकट. मी इंग्रजी बोलू शकते, पण जे सांगायचं होतं ते माझ्या तोंडून मराठीतच निघालं असतं. जखमांचे तारखेसह फोटो, त्याचे मेसेज, डॉक्टरांची नोंद हे सगळं कामी आलं. अंतिम मनाई आदेश झाला आणि लेकीचा तात्पुरता ताबा माझ्याकडे आला. त्या राज्यात हा अंतिम आदेश कोर्टाने रद्द करेपर्यंत टिकतो, त्याला मुदत नसते.

खरी परीक्षा पुढे होती, भारतात नेण्याच्या परवानगीची. भारत हेग करारात नाही, हाच मुद्दा आता माझ्या विरोधात गेला. मूल तिकडे गेलं आणि बापाला भेटू दिलं नाही तर हे कोर्ट काय करणार, ही न्यायाधीशांची शंका रास्तच होती. तिचं उत्तर कागदानेच द्यावं लागलं, आणि ते कागद गोळा केले इथे, गावात. दादाने ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला काढला. जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांनी प्रवेश देऊ असं लेटरहेडवर लिहून दिलं. घराचे फोटो, पाण्याच्या टाकीचे, तालुक्याच्या दवाखान्याचे. बाबांचा सातबारा इंग्रजीत भाषांतर करून जोडला. दारव्हा तालुक्यातल्या पऱ्हाटीच्या वावराचा तो उतारा न्यू जर्सीच्या न्यायाधीशांनी चष्मा लावून वाचला, पीक कोणतं, विहीर आहे का, हे विचारलं. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की माझ्यामागे काहीतरी उभं आहे.

शेवटी नवरा तडजोडीला आला. घटस्फोट, ताबा माझा, त्याला दर रविवारी व्हिडिओ कॉल आणि भारतात आला तर भेटीचा हक्क. घटस्फोट झाला की एच-फोर संपतो, म्हणून निकाल आणि तिकीट यांचा मेळ वकिलांनी घालून दिला.

आदेशात काय लिहून घ्यायचं, हे प्रत्येकीला सांगावंसं वाटतं. कायमचं भारतात राहण्याची परवानगी स्पष्ट शब्दांत हवी. मुलाचा पासपोर्ट आणि ओसीआय यांसाठी आई एकटी अर्ज करू शकते, हे वाक्य हवंच. अमेरिकेत १६ वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती लागते आणि तो पाचच वर्षं चालतो. हे वाक्य नसेल तर दर पाच वर्षांनी त्याच माणसाच्या दारात उभं राहावं लागेल. पोटगी त्याच्या पगारातून थेट कापली जावी, हेही घाला. तिथे ती सरकारी यंत्रणेमार्फत कापली जाते, त्याच्या मर्जीवर राहत नाही. आणि निकालाच्या शिक्क्याच्या प्रतीवर व जन्मदाखल्यावर तिथेच अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का, करून घ्या. न्यू जर्सीत ते राज्याच्या ट्रेझरी खात्याकडून मिळतं. इथून करायला गेलं तर जीव जातो.

ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी भारतीय दूतावासाला लिहा. नवऱ्याने टाकलेल्या, छळलेल्या बायकांच्या वकिलासाठी आणि परतीच्या तिकिटासाठी भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर टाकता येते. राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय विवाहांसाठी वेगळा कक्ष आहे, तिथे माहेरचे लोकही अर्ज करू शकतात.

मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसने धामणगावला उतरलो. बाबा गाडी घेऊन आले होते.

गावात पहिले काही महिने प्रश्न फार झाले. "जावई कधी येतेत?" हा तर रोजचा. आईने एकदा चारचौघींत सांगून टाकलं, "नाही येत. माही पोरगी आली, पुरे झालं." त्यानंतर विचारणं कमी झालं. शाळेने अपोस्टिल केलेल्या जन्मदाखल्यावर प्रवेश दिला. आधारसाठी थांबावं लागलं, कारण ओसीआय असलेल्याला मागच्या १२ महिन्यांत १८२ दिवस इथे राहिल्यावरच ते काढता येतं. लेकीला मराठी कळत होतं, वऱ्हाडी नव्हतं. तान्ह्या पोळ्याला दादाने लाकडी नंदीबैल आणून दिला, तो ओढत गल्लीतल्या पोरांमागे दारोदार फिरली. संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, "आजी, मले चिवडा दिला त्याहीनं."

माझे दागिने सासरी अडकले होते. त्यासाठी इथेच अर्ज केला, कारण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार बाई जिथे तात्पुरती राहते त्या ठिकाणच्या कोर्टातही दाद मागता येते. तालुका विधी सेवा समितीने वकील दिला. १९८७ च्या कायद्याने बाईला ही मदत मोफत आहे, उत्पन्नाची अट नाही. हे आपल्याकडे फार थोड्या बायांना माहीत आहे आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. संरक्षण अधिकारी बाईंनी घटनेचा अहवाल भरून घेतला, नोटीस गेली, आणि बोलणी होऊन बरंचसं सोनं परत आलं. वकीलबाईंनी अमेरिकेतला निकालही वाचून पाहिला. तिथून एकतर्फी घटस्फोटाची नोटीस आली तर घाबरून सही करू नका, असं त्या सगळ्यांना सांगतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालानुसार बायको हजर नसताना, इथल्या विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर मिळवलेला परदेशी घटस्फोट इथे सहसा टिकत नाही. माझ्या बाबतीत मी स्वतः हजर होते आणि संमती दिली होती.

रविवारचा कॉल मी कधी चुकवत नाही. रेंज नसली तर लेकीला घेऊन पाण्याच्या टाकीजवळ जाते, तिथे फोरजी येतं. कॉल लागला नाही तर स्क्रीनशॉट ठेवते आणि मेलवर कळवते. त्याच्यावर राग आहे म्हणून नाही, आणि नाही म्हणूनही नाही. उद्या कुणी म्हणू नये की आईने भेटू दिलं नाही, आणि लेकीनेही मोठेपणी तसं विचारू नये.

मध्यंतरी लेकीच्या पासपोर्टची मुदत संपत आली होती. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत तिला घेऊन गेले. खिडकीतल्या बाईने फॉर्म पाहिला आणि विचारलं, वडील आले नाहीत का? मी निकालाची शिक्क्याची प्रत पुढे सरकवली, त्यातल्या पासपोर्टच्या ओळीवर बोट ठेवलं. तिने ती वाचली, प्रत काढून घेतली आणि माझ्या एकटीच्या सहीवर अर्ज स्वीकारला.